गाव बदलताना सहावीच्या शाळेची निवड

निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठी सायखेडा हे बाजारपेठेचे गाव वसले आहे. नदीच्या पलीकडे चांदोरी, सभोवती द्राक्षबागा व कांद्याची शेते, आणि गावात कांद्याच्या लिलावाची वर्दळ असा हा परिसर आहे. अशा गावात दरवर्षी नवी कुटुंबे येत असतात. बदली होऊन आलेले शिक्षक, तलाठी व बँक कर्मचारी, व्यापारासाठी स्थायिक होणारे अडते आणि छाटणीच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून उतरणारे मजूर हे सर्व जण आपापल्या मुलांना बरोबर घेऊन येतात. घर मिळते, रेशनकार्डावरील पत्ताही यथावकाश बदलतो. मुलाच्या शाळेचा प्रश्न मात्र इतक्या सहजी सुटत नाही. विशेषतः मुलाला प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या शाळेत पाठवावे अशी पालकांची इच्छा असेल, तर तो प्रश्न अधिकच नाजूक बनतो.

नव्या गावात आल्यानंतर बहुतेक पालक पाचवीचे वर्ष निम्मे सरले म्हणजे सहावीच्या शाळांची चौकशी सुरू करतात. त्या वेळी प्रवेशाचे निकष पाहिल्यावर मूल हुशार असूनही अर्जास अपात्र ठरते, किंवा ज्या गटात त्याला अधिक संधी होती त्या गटातून ते वगळले जाते, असे आढळून येते. याचे कारण अभ्यासातील उणीव हे नसते. मूल तिसरी, चौथी व पाचवी या तीन वर्षांत कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या प्रकारच्या वस्तीतील शाळेत बसले, यावर त्याची पात्रता ठरून गेलेली असते. म्हणूनच ही निवड सहावीची म्हणून ओळखली जात असली, तरी प्रत्यक्षात ती तिसरीतच सुरू होते. ही गोष्ट पालकांना वेळीच सांगणे हे शिक्षकांचे व पंचायतीच्या सदस्यांचे काम आहे.

हक्काची शाळा आणि निवडीची शाळा

या विषयाचा विचार करताना शाळांचे दोन वर्ग ध्यानात घेतले पाहिजेत. पहिल्या वर्गात जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकांच्या शाळा आणि खाजगी संस्थांच्या अनुदानित शाळा येतात. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने, कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागलेल्या बालकास शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क दिला आहे. मग ती शाळा राज्यातील असो वा राज्याबाहेरील. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा असतो, आणि तो येण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबणीवर टाकता येत नाही. वयाचा पुरावा नाही या कारणावरूनही प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाळणी परीक्षा घेण्यास तेराव्या कलमाने मनाई केली असून, ती घेतल्यास पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

दुसऱ्या वर्गातील शाळा निवड करून विद्यार्थी घेतात. नवोदय विद्यालये, सैनिकी शाळा व केंद्रीय विद्यालये यांना कायद्याने 'विनिर्दिष्ट प्रवर्गा'तील शाळा म्हणून वेगळे स्थान दिले आहे. पाचव्या कलमातील बदलून जाण्याचा हक्क या शाळांना, तसेच विनाअनुदानित शाळांना लागू होत नाही. नव्या गावी आलेल्या पालकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, सायखेड्याच्या जिल्हा परिषद शाळेत त्याच्या मुलाला जागा मिळणे हा हक्क आहे, तर निवडीच्या शाळेतील जागा ही त्या शाळेच्या अटी पूर्ण करूनच मिळवावी लागते.

निवडीच्या शाळांची परंपरा

ग्रामीण भागातील बुद्धिमान मुलांना निवडून त्यांच्या निवासी शिक्षणाची सोय करावी, ही कल्पना महाराष्ट्रात जुनी आहे. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली सातारा येथे सुरू झाली. त्याच दशकात राज्य शासनाने धुळे, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), पुसेगाव अशा ठिकाणी शासकीय विद्यानिकेतने काढली आणि त्यांतील प्रवेश शिष्यवृत्ती परीक्षेतील गुणवत्तेशी जोडला. खेड्यातील मुलाला त्याच्या गुणांवर चांगल्या वसतिगृहयुक्त शाळेचे दार खुले व्हावे, हा त्यामागील हेतू होता. पुढे १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर व महाराष्ट्रातील अमरावती येथे प्रायोगिक नवोदय विद्यालये सुरू झाली आणि १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक जिल्ह्यात असे एक विद्यालय असावे हे तत्त्व स्वीकारले. नाशिक जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय दिंडोरी तालुक्यातील खेडगाव येथे आहे.

जिल्हा हा या योजनेचा पाया आहे, आणि गाव बदलणाऱ्या कुटुंबाच्या अडचणीचे मूळही त्यातच आहे.

नवोदयच्या अटी

नवोदय विद्यालयात सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त ८० विद्यार्थी घेतले जातात. २०११ च्या जनगणनेनुसार ६१ लाखांवर लोकसंख्या आणि १५ तालुके असलेल्या नाशिक जिल्ह्यात या जागांसाठी किती चुरस असेल, याची कल्पना सहज येईल. परीक्षा दोन तासांची असून तीत ८० प्रश्न व १०० गुण असतात. बुद्धिमत्ता चाचणीचे ४० प्रश्न ५० गुणांना, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांना आणि भाषेचे २० प्रश्न २५ गुणांना असतात. मराठी माध्यमाच्या मुलाला ही परीक्षा मराठीतून देता येते. अर्ज करण्यास शुल्क नाही. एका विद्यार्थ्याला ही परीक्षा एकदाच देता येते, दुसरी संधी मिळत नाही.

गाव बदलणाऱ्या कुटुंबाने पुढील अटी काळजीपूर्वक पाहाव्यात. पहिली अट अशी की, उमेदवार त्या जिल्ह्याचा रहिवासी असला पाहिजे आणि पाचवीचे संपूर्ण शैक्षणिक वर्ष त्याच जिल्ह्यातील शासकीय वा मान्यताप्राप्त शाळेत त्याने काढलेले असले पाहिजे. दुसरी अट ग्रामीण जागांविषयी आहे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेल्या असतात. त्यांचा लाभ घेण्यासाठी तिसरी, चौथी व पाचवी या तिन्ही इयत्तांचे प्रत्येकी एक पूर्ण वर्ष ग्रामीण भागातील शासकीय वा मान्यताप्राप्त शाळेत झालेले असावे लागते. या तीन इयत्तांच्या काळात मूल एक दिवस जरी नागरी क्षेत्रातील शाळेत शिकले असेल, तरी ते नागरी उमेदवार गणले जाते. याखेरीज एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात, आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गीयांसाठीही आरक्षण आहे.

तीन कुटुंबांची उदाहरणे

या अटी व्यवहारात कशा लागू पडतात हे तीन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

समजा, एका कर्मचाऱ्याची बदली कोपरगावहून सायखेड्यास झाली. अंतराच्या दृष्टीने ही बदली फार दूरची नाही. तथापि कोपरगाव अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, सायखेडा नाशिक जिल्ह्यात. बदली मे-जूनमध्ये झाली आणि मूल पाचवीच्या प्रारंभापासून सायखेड्याच्या शाळेत दाखल झाले, तर त्याला नाशिक जिल्ह्याच्या विद्यालयासाठी अर्ज करता येईल. तेच कुटुंब दिवाळीनंतर आले, तर पाचवीचे पूर्ण वर्ष ना एका जिल्ह्यात होते, ना दुसऱ्या. मूल दोन्ही जिल्ह्यांतून अपात्र ठरते. अशा कुटुंबाने, शक्य असल्यास, मुलाचे पाचवीचे वर्ष जुन्या जिल्ह्यात पुरे करावे किंवा स्थलांतर वर्षारंभीच करावे. शिवाय मूल तिसरी-चौथीला कोपरगाव शहरातील शाळेत शिकले असेल, तर सायखेड्यात राहूनही ते नागरी उमेदवारच ठरेल, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण सायखेड्यातीलच एखाद्या शेतकरी कुटुंबाचे घेता येईल. मुलाची तयारी चांगली व्हावी म्हणून पालक त्याला चौथीपासून निफाड किंवा नाशिक येथील शाळेत घालतात. निफाड हे तालुक्याचे ठिकाण असले तरी तेथे आता नगरपंचायत आहे. म्हणजे ते नागरी क्षेत्र झाले. मूल रोज सायखेड्याहून ये-जा करीत असले, त्याचे आईवडील शेतातच राबत असले, तरी शाळा नागरी असल्यामुळे ७५ टक्के ग्रामीण जागांवरील त्याचा हक्क संपतो. अधिक चांगल्या तयारीसाठी केलेला खर्च आणि धडपड अशा प्रकारे मुलाच्या मुळावर येते. निवासाचे गाव नव्हे, तर शाळेचे गाव मोजले जाते, हे येथे विसरता कामा नये.

तिसरे उदाहरण मजूर कुटुंबाचे आहे. द्राक्षबागेत एप्रिलमधील खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास होणारी फळछाटणी अशी दोन मोठी कामे असतात, आणि त्यांसाठी पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे निफाड व दिंडोरी तालुक्यांत येतात. हे तालुके एकाच जिल्ह्यात आहेत आणि दोन्हीकडील गावांच्या शाळा ग्रामीण आहेत. त्यामुळे या स्थलांतराने जिल्ह्याची वा ग्रामीण शाळेची अट मोडत नाही. मोडतो तो शिक्षणातील सलगपणा. मुलाचे नाव सुरगाण्याच्या हजेरीपटावर राहते, मूल मात्र सायखेड्याच्या मळ्यात धाकटे भावंड सांभाळते, आणि काही महिन्यांनी गैरहजेरीचा शेरा पडतो. अशा मुलासाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची पद्धत आहे. ते कार्ड घेऊन मूल नव्या गावच्या शाळेत बसू शकते व परत गेल्यावर मूळ शाळेत त्याचे शिक्षण पुढे चालू राहते. मजुरांच्या मुक्कामाच्या जागी जाऊन मुलांची नोंद घेणारा शिक्षक या मुलांच्या वर्गातील वर्षांबरोबरच त्यांची पुढची संधीही राखीत असतो.

स्थलांतरितांना सोयीचे अन्य पर्याय

सर्वच निवडीच्या शाळा जिल्ह्याच्या सीमेने बांधलेल्या नाहीत. सैनिकी शाळांचा प्रवेश अखिल भारतीय परीक्षेने सहावी व नववीत होतो आणि ६७ टक्के जागा ज्या राज्यात शाळा आहे त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. कुटुंबाने राज्यात जिल्हा बदलला तरी या पात्रतेला बाध येत नाही. महाराष्ट्रात सातारा येथील शाळेबरोबर २०१९ पासून चंद्रपूर येथेही सैनिकी शाळा आहे. २०२१-२२ पासून सर्व सैनिकी शाळांत मुलींनाही प्रवेश मिळू लागला आहे. सहावीच्या परीक्षेत ३०० पैकी १५० गुण एकट्या गणिताला असतात. त्यामुळे गणितात पक्क्या असलेल्या मुलास ही परीक्षा अनुकूल ठरते. मात्र वैद्यकीय तपासणी, इंग्रजी माध्यम व शुल्क यांचा विचार आधीच करावा लागतो.

केंद्रीय विद्यालयांचा उगमच बदलीच्या प्रश्नातून झाला. केंद्र सरकारच्या व संरक्षण दलांच्या कर्मचाऱ्यांच्या वारंवार बदल्या होत असल्याने त्यांच्या मुलांचा अभ्यासक्रम देशभर एकच असावा, या हेतूने १९६३ मध्ये ही योजना सुरू झाली. ओझर, देवळाली व नाशिकरोड परिसरात अशी विद्यालये आहेत. येथील प्रवेशात बदलीयोग्य नोकरीतील कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्राधान्य असते.

अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी एकलव्य आदर्श निवासी शाळांची योजना १९९७-९८ पासून चालू असून तेथेही सहावीत निवड परीक्षेने प्रवेश मिळतो. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या कुटुंबांना या योजनेची माहिती देणे अगत्याचे आहे.

पाचवीत संधी हुकली म्हणून नवोदयचे दार कायमचे बंद होते असेही नाही. रिक्त राहिलेल्या जागांवर नववी व अकरावीत प्रवेश दिला जातो. नववीसाठी आठवीचे वर्ष त्या जिल्ह्यात झालेले असावे लागते. उशिरा आलेल्या कुटुंबाने ही दुसरी संधी ध्यानात ठेवावी.

निवड झाल्यावर काय

शाळा निवडताना प्रवेश मिळेल का एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. मूल तेथे रमेल का, हाही प्रश्न विचारला पाहिजे. नवोदय विद्यालय पूर्णतः निवासी आहे. दहा-अकरा वर्षांचे मूल, जे नुकतेच एक गाव सोडून दुसऱ्या गावी आले आहे, ते वर्षभरात पुन्हा घर सोडून वसतिगृहात जाणार असते. काही मुले यातून स्वावलंबी व खंबीर होतात, काहींना ते जड जाते. पालकांनी मुलाचा स्वभाव ओळखून निर्णय घ्यावा.

भाषेचाही विचार करावा लागतो. प्रारंभीच्या इयत्तांत मातृभाषा वा प्रादेशिक भाषा हे माध्यम असते. पुढे गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्रे हिंदीतून शिकविली जातात. नववीत विद्यालयातील सुमारे ३० टक्के विद्यार्थ्यांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषिक प्रदेशातील नवोदय विद्यालयात पाठविले जाते. राष्ट्रीय एकात्मतेच्या दृष्टीने ही योजना मोलाची आहे, पण पालकांना तिची आधी कल्पना असली पाहिजे. शिक्षण, निवास व भोजन यांचा खर्च शासन करते. नववी ते बारावीसाठी विद्यालय विकास निधी म्हणून दरमहा ६०० रुपये आणि पालक सरकारी नोकरीत असल्यास दरमहा १,५०० रुपयांपर्यंत रक्कम घेतली जाते. मुली, अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले यांना ती माफ आहे.

गावची शाळा

जागा ८० आणि उमेदवार हजारोंनी, अशा स्थितीत बहुसंख्य हुशार मुले निवडीबाहेरच राहणार. त्यांच्या दृष्टीने गावची माध्यमिक शाळा हीच खरी महत्त्वाची शाळा होय. नाशिक जिल्ह्यात १९१४ पासून मराठा विद्या प्रसारक समाजाने आणि महाराष्ट्राच्या अनेक भागांत १९१९ पासून कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने खेडोपाडी शाळा काढल्या. त्यामागे चाळणी लावून मोजक्यांना घेण्यापेक्षा येईल त्याला शिकविण्याची दृष्टी होती.

निवडीच्या शाळांचा अनुभव इतर देशांतही विचार करण्याजोगा आहे. इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांना ग्रामर शाळा व इतर शाळा यांत विभागले जाऊ लागले. इतक्या लहान वयात मुलाचे भवितव्य ठरविणे योग्य नाही, या टीकेनंतर बहुतेक भागांत ही पद्धत मागे पडली. आज तेथे अशा १६३ शाळा उरल्या आहेत, आणि त्यांच्या परिसरात घर मिळावे म्हणून पालक धडपडतात. निवडीची शाळा थोड्यांना पुष्कळ देते, हे खरे. पण उरलेल्यांची शाळा दुर्बल राहिली, तर समाजाचा त्यात लाभ नाही.

गावच्या शाळेत राहूनही गुणवत्तेला वाव आहे, याचे एक उदाहरण म्हणजे २००८ पासूनची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती होय. आठवीत होणाऱ्या परीक्षेत निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे आणि विद्यार्थी शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या वा अनुदानित शाळेत शिकत असावा, अशी अट आहे. येथेही शाळेचा प्रकार निर्णायक ठरतो. गाव बदलताना मुलाला विनाअनुदानित खाजगी शाळेत घातले, तर ही संधी जाते.

शिक्षक, पंचायत व अधिकारी यांचे काम

या सर्व अटी सूचनापत्रांत छापलेल्या असतात. परंतु बदलीच्या व रोजगाराच्या धावपळीत असलेल्या पालकापर्यंत त्या योग्य वेळी पोहोचत नाहीत. ही उणीव गावपातळीवर सहज भरून काढता येईल.

मुख्याध्यापकांनी तिसरीत किंवा त्यानंतर नव्याने दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकास जिल्हा, ग्रामीण शाळा व सलग वर्ष या तीन अटी समजावून सांगाव्यात. दाखला मागण्यास आलेल्या पालकासही तो वर्षाच्या मध्यावर मूल नेत असल्यास त्याचा परिणाम सांगावा. मात्र त्या निमित्ताने दाखला अडवून धरू नये. जन्मतारीख, नावाची अक्षरे व दाखल झाल्याची तारीख यांच्या नोंदी बिनचूक असाव्यात, कारण निवडीनंतरच्या तपासणीत याच नोंदी पाहिल्या जातात.

ग्रामपंचायतीने रहिवासाचे व जन्माचे दाखले विनाविलंब द्यावेत. ग्रामसभेत वर्षातून एकदा, अर्ज मागविले जाण्यापूर्वी, या परीक्षांची माहिती वाचून दाखविली तर ती शेवटच्या घरापर्यंत जाईल. छाटणीच्या हंगामात बाहेरगावची कुटुंबे आली म्हणजे त्यांच्या शाळायोग्य मुलांची यादी शाळेकडे देण्याचे काम पंचायतीच्या सदस्यांना सहज करता येण्यासारखे आहे. शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी आपल्या बीटातील कोणती गावे आता नगरपंचायत वा नगरपरिषद झाली आहेत, याची यादी शाळांना द्यावी. गावाचा दर्जा बदलला की मुलांचा प्रवर्गही बदलतो, आणि पालकांना त्याची वार्ताही नसते.

बदली शासनाच्या आदेशाने होते, मजुरी हंगामाच्या मागे जाते आणि व्यापार बाजाराच्या मागे. कुटुंबाला गाव बदलणे टाळता येत नाही. परंतु ते कोणत्या महिन्यात बदलावे आणि मुलाचे नाव कोणत्या शाळेत घालावे, एवढे बहुधा त्याच्या हाती असते. हा निर्णय पूर्ण माहितीनिशी घेता आला, तर गुणवान मूल केवळ एका नोंदीपायी मागे राहणार नाही. त्यासाठी पालक दाखला घेऊन शाळेच्या कचेरीत येईल त्याच दिवशी त्याला ही माहिती मिळाली पाहिजे.